वहिनीने निवडलेली होडी

वहिनीचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं झालं ते होडीबद्दल. नवरात्र तोंडावर आलं होतं, पाऊस परतीचा पडत होता आणि तिची खाट आम्ही खिडकीशी ओढून घेतली होती, कारण तिला वारा लागायचा. दुपारी मी शाळेतून जेवायला घरी आले तेव्हा ती जागी होती. मी पेज भरवायला बसले, तर दोन चमच्यांनंतर तिने हाताने थांबवलं आणि म्हणाली, "वन्सं, होडीत पाणी साचलं असेल. कुणाला तरी उपसायला सांगा." मी हो म्हटलं. एवढंच. त्यानंतर ती बोलली ते तुटक, अर्धवट, कधी रेवदंड्याच्या तिच्या माहेरच्या माणसांशी, जी केव्हाच गेली आहेत. दुसऱ्या दिवशी मी पाचवीच्या वर्गावर होते तेव्हा शेजारच्या काकू वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी खडू खाली ठेवला.

त्याला आता दीड महिना झाला असेल. खरं सांगायचं तर मला लिहायचा उत्साह नाही. वर्षभराचं आजारपण, मुंबईच्या इस्पितळात जाणं-येणं, औषधं, रात्रीची जागरणं... तिच्या जाण्याने दुःख झालं त्याहून आधी अंगातला जोरच गेला. पण परवा गावातल्या एक बाई म्हणाल्या, "त्या वडाळ्याच्या तळ्यावर होडी चालवायच्या त्याच ना तुमच्या वहिनी? हौशी होत्या फार." हौशी. हा शब्द मला तेव्हापासून टोचतो आहे. म्हणून लिहिते.

तिचं नाव सुशीला. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. ती लग्न होऊन पनवेलला आमच्या घरी आली तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू व्हायची होती. तिच्या वडिलांचा रेवदंड्याला मचवा होता. त्यातून ते मुंबईला नारळ, सुपारी, कौलं नेत. मुलींनी मचव्यावर जायची रीत त्यांच्याकडेही नव्हती, पण ही वेगळ्याच घरची मुलगी असावी तशी वाढली होती. आई लवकर गेलेली, त्यामुळे वडील हिला बरोबर घेऊन जात. सुकाणूपाशी बसून ती मोठी झाली. आमच्याकडे आल्यावर मात्र हे सगळं तिने पेटीत खालच्या थराला ठेवलं. नऊवारी नेसून ती चूल, पाणी, सासूबाईंचं सोवळं सांभाळू लागली. आम्ही दोघी साधारण एका वयाच्या. ती मला वन्सं म्हणे आणि अहोजाहो करी, मी तिला तू म्हणे, आणि यात काही चूक आहे असं आम्हा दोघींनाही कधी वाटलं नाही.

अण्णा व्यापारी जहाजावर तारायंत्राचं काम करायचा. लढाईत त्याचं जहाज बुडालं. कुठे, कसं, हे आम्हाला नीट कधीच कळलं नाही. उघड्या होडीतून किती दिवस काढले, बरोबरचे किती जण वाचले, त्यातलं काही तो बोलला नाही. घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. जखमा भरल्या, वजनही हळूहळू आलं, पण माणूस आला नाही. तो खाडीकडच्या रस्त्याने जायचा नाही. बंदराकडून वारा आला आणि त्याला माशांचा, चिखलाचा वास असला की खिडक्या लावून घ्यायचा. उशाशी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या लागायचा, आणि तो निम्मा झाला की उठून पुन्हा भरायचा. बोलणं जवळजवळ बंद. गावातल्या एका भातगिरणीत त्याला काम मिळालं. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, वेळ जाऊ द्या. वेळ गेला. दोन वर्षं गेली. आई तेवढ्यात वारली, आणि तिच्या तेराव्यालाही तो बोलला नाही.

एक गोष्ट वहिनीच्या लक्षात आली होती, जी माझ्या लक्षात आली नव्हती. गिरणीतून सुटल्यावर तो सरळ घरी यायचा नाही. वडाळ्याच्या तळ्यावर जाऊन पायऱ्यांवर बसायचा. बायका धुणं घेऊन परतायच्या त्या वेळी हा तिथे, खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, पाय पाण्यापासून हातभर दूर ठेवून. एका संध्याकाळी वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. बराच वेळ बसली असेल. घरी आल्यावर भात वेळताना मला म्हणाली, "वन्सं, हे आज बोलले."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, हे पाणी गोडं आहे. आणि पलीकडचा काठ दिसतो."

तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. थोड्या दिवसांनी ती म्हणाली, आपण एक होडी घेऊया. लहानशी, शिडाची. तळ्यावर फिरवायला.

आज हे सांगताना मला त्यातलं वेडेपण जितकं दिसतं तितकं तेव्हाही दिसलं होतं. पनवेलसारखं गाव, गावात तळी पाच, पण तळ्यात होडी कोण चालवतो? तळं धुण्याचं, म्हशींचं, गणपती बुडवण्याचं. आणि होडी घेणार कोण, तर घरातली सून. पण घरात आता थोरलं कुणी उरलं नव्हतं, अण्णा कशालाच हो-नाही म्हणत नव्हता, आणि मी... मला मास्तरणीची नोकरी लागलेली, लग्न व्हायची वेळ निघून चाललेली, मला तिच्याबरोबर कुठेतरी जायला मिळणार एवढंच बरं वाटलं.

पहिली होडी बघायला आम्ही उरणला गेलो, मोऱ्याच्या धक्क्यावर. चिरनेरवरून जाणाऱ्या मोटारीत हाडं खिळखिळी झाली. तिथे हिराजी तांडेल नावाचे एक कोळी होते, वहिनीच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांना एक होडी विकायची होती. सुंदर होडी होती. सागवानी, तेल पाजून काळीभोर झालेली, पुढचं टोक उंच आणि पाण्याखालचा भाग खोल. हिराजींनी तिच्या अंगावर थाप मारली.

"बाय, ही माज्या बापाशीची हाय. तुफानान गेली आन परत आली. हिला काय झाला नाय."

"तळ्यात चालेल का हो, हिराजीबाबा?"

"तलावान?" ते हसायलाच लागले. "तलावान कोन होरी चालवतं? तलावान म्हशी बसतान!"

वहिनीही हसली. मग तिने साडी खोचली, होडीच्या बाजूने चालत गेली, वाकून तळ बघितला, हाताने खोली मापली. मला बाजूला घेऊन म्हणाली, वैशाखात वडाळ्याचं पाणी किती उरतं ते आठवा. खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, पुढे चिखल. ही होडी रुतेल. आणि रुतली तर चार माणसं लागतील ओढायला. आपण दोघीच आहोत. हिराजींना तिने तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग खारीत चालव ना. खारी काय लांब हाय?" खाडी आमच्या घरापासून खरोखर लांब नव्हती. वहिनी म्हणाली, "खाडी नको, बाबा." त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी पुढे आग्रह केला नाही. त्यांच्या घरून वाळवलेल्या सोड्यांची पुडी मात्र घ्यावीच लागली.

दुसरी होडी मुंबईत. साहेब लोक तेव्हा आवराआवर करून जायला लागले होते. अण्णाच्या एका जुन्या सोबत्याकडून कळलं की एका क्लबात एका इंजिनियर साहेबाची होडी निघाली आहे, खास शर्यतीची. आम्ही गेलो. क्लबाचे पारशी मॅनेजर आम्हा दोघींकडे बघतच राहिले. बहुधा आमच्याबरोबरचा पुरुष मागून येतो आहे असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, "बाई, ही बोट पळत नाय, उडते!" पांढरी, निमुळती, बदकाच्या पिसासारखी हलकी. मधोमध एक लोखंडी पाट, जो पाणी उथळ असलं की वर ओढून घेता येई. म्हणजे चिखलाची अडचण संपली. दोघी मिळून उचलू शकू इतकं वजन. मला वाटलं, झालं, मिळाली.

वहिनी क्लबच्या खलाशाबरोबर एक चक्कर मारायला गेली. मी धक्क्यावर उभी. शीड भरलं आणि ती होडी अशी काही कलली की मला वाटलं, आता उलटलीच. वहिनी काठावर बसून मागे बाहेर झुकली होती, पदर कमरेला, केस सुटलेले. होडी वळली की ती झटकन या बाजूची त्या बाजूला जायची. परत आली तेव्हा कमरेपर्यंत भिजली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरात इतकी वर्षं होती ती बाई आणि ही बाई एकच आहे हे पटायला वेळ लागला.

"अशी होडी मी जन्मात पाहिली नव्हती, वन्सं."

"मग घ्यायची ना?"

"नाही."

मॅनेजरांना वाटलं, भाव करते आहे. ते लगेच किंमत कमी करायला तयार झाले. तिने हात जोडले आणि आम्ही निघालो. ठाण्याच्या रस्त्याने परत येताना ती खूप वेळ बाहेर बघत होती. शेवटी मीच विचारलं, का नाही म्हणालीस? तेव्हा म्हणाली, "त्यात सारखं सावध राहावं लागतं. कललं की बाहेर झुका, वळलं की उडी मारा. क्षणभर डोळा मिटला तर उलटेल. हे कुठे बसतील त्यात?" आणि मग थोड्या वेळाने, मला नव्हे, खिडकीलाच सांगितल्यासारखी, "माझ्या एकटीसाठी असती तर..." वाक्य पुरं केलं नाही. माझं त्या वेळी तिच्या ओल्या साडीकडे लक्ष होतं, ताप येईल म्हणून. आता मात्र मला आमची होडी आठवायच्या आधी ती पांढरी होडी आठवते.

तिसरी होडी पनवेलच्या बंदरावरच पडलेली होती. मोठ्या गलबताच्या मागे बांधतात तसलं एक होडकं, माणसं काठाला उतरवायला. गलबत मोडीत निघालं होतं आणि होडकं उपडं पडून त्यावर जाळी वाळत घालत. मालक उस्मानचाचा, म्हातारे, दाढी लाल रंगवलेली. होडकं आखूड, बुटकं, मधे पोट सुटलेलं, तळ जवळजवळ सपाट. मला ते बघून हसू आलं. वहिनी हसली नाही. तिने ते उलटवून घेतलं, पाण्यात सोडायला लावलं, आणि मग एक विचित्र मागणी केली. चाचांच्या माणसाला म्हणाली, "तुम्ही पाण्यात उतरा आणि बाजूने वर चढून दाखवा." तो धिप्पाड माणूस गळ्याएवढ्या पाण्यात उतरला, दोन्ही हातांनी काठ धरला, आणि फुसफुसत आत चढला. होडकं एका बाजूला दबलं, थोडं पाणी घेतलं, पण उलटलं नाही. तिने त्याला तीनदा चढायला लावलं. तो वैतागला.

"बेटी," उस्मानचाचा म्हणाले, "याला शीड लावून काय करणार? खेकड्यासारखं आडवं जाईल. खाली पाठकणा नाही याला."

"आडवं जाऊ नये म्हणून बाजूला फळी टांगेन."

"टांग बाई. मगर ये जनाब पळणार नाहीत, लिहून ठेव."

"पळायचं नाहीच आहे, चाचा."

तिने ते घेतलं. पुढचे काही आठवडे आमचं मागचं अंगण म्हणजे सुताराचं दुकान झालं. क्लबातल्या होडीला शिडाच्या खालच्या कडेला आडवं लाकूड होतं, ते तिने ध्यानात ठेवलं होतं. त्याऐवजी तिने बांबू बांधला. शीड मांजरपाटाचं, आम्ही दोघींनी हाताने शिवलेलं, दोरा मेण लावून. रॉकेलचे रिकामे डबे झाळून बंद करून बसायच्या फळ्यांखाली घट्ट बसवले. ते कशाला, मी विचारलं. म्हणाली, "पाण्याने भरली तरी बुडणार नाही. यांना ते आधी दाखवून ठेवायचं."

दाखवण्याची वेळच आली नाही. बैलगाडीवरून होडी तळ्याकडे निघाली त्या दिवशी अण्णा नेमका गिरणीतून लवकर आला. दारात गाडी, गाडीत होडी. त्याने ती बघितली. मी त्याचा चेहरा विसरू शकत नाही. कित्येक महिन्यांत त्याचा आवाज असा चढलेला आम्ही ऐकला नव्हता.

"मला होडीत बसवणार? तू?"

गाडीवान खाली बघू लागला. वहिनीच्या हातात शिडाची गुंडाळी होती. ती म्हणाली, "तुम्हाला कोण बसवतंय? मला बसायचंय."

अण्णाने आत जाऊन दार लावून घेतलं, ते दुसऱ्या सकाळपर्यंत उघडलं नाही. आणि वहिनी गाडीमागे चालत तळ्यावर गेली.

त्यानंतरचं एक वर्ष फार वाईट गेलं. ती रोज संध्याकाळी, घरचं सगळं उरकून, एकटी होडी घेऊन निघायची. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो तो तळ्यावर येईपर्यंत घरांनी, झाडांनी फाटलेला असतो. कधी या कोपऱ्यातून येई, कधी त्या. सुरुवातीला होडी खरोखरच खेकड्यासारखी चालायची. काठावर पोरं ओरडायची, बायका तोंडाला पदर लावायच्या. गावातली वजनदार मंडळी घरी येऊन गेली. नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही आणि ही जलविहार करते, असं मला शाळेत ऐकू आलं. अण्णाने तळ्यावर बसणंच सोडलं. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी एकदा तिला म्हटलं, "वहिनी, पुरे कर. होतं तेवढंही गेलं." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "वन्सं, मीही दमले हो. पण तेवढा वेळ मला बरं वाटतं, ते कुणाला सांगू?" तिने कुणासाठी होडी घेतली होती हे मग मी विचारायचं सोडून दिलं. मला वाटतं दोन्ही खरं होतं, आणि तिलाही त्यातलं किती कोणतं ते माहीत नव्हतं.

पाऊस आला, गेला. थंडीत कधीतरी अण्णा पुन्हा तळ्यावर दिसायला लागला. आधी लांब, वडाच्या पारावर. मग पायऱ्यांवर. ती त्याच्याकडे बघायची नाही. होडी फिरवून आणायची, बांधायची, आणि दोघं चार हात अंतर ठेवून घरी यायची.

चैत्रातली गोष्ट. त्या दिवशी मी शाळेतून परस्पर तळ्यावर गेले होते. वहिनी मधोमध होती आणि वारा एकाएकी पडला. शीड लोंबायला लागलं. तासभर ती तशीच बसून. वारा नसेल तेव्हा मारायला होडीत एक वल्हं असायचं, पण ते माझ्या पायाशी, पायरीवर पडलेलं होतं. विसरलं होतं की ठेवलं होतं... पुढे कधी मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. ऊन उतरत चाललं. काठावर माणसं जमली. कुणी म्हणालं, दोर टाका. कुणी म्हणालं, बसू दे, हौस फिटेल.

पायऱ्यांवर बसलेला अण्णा उठला. त्याने वल्हं उचललं, चपला काढल्या, आणि सदऱ्यासकट पायऱ्या उतरत गेला. गुडघ्यापर्यंत पाणी, मग कमरेपर्यंत. छातीशी आलं तिथे थांबला. मला पाठमोरा दिसत होता. त्याचे खांदे हलत होते. मी हाक मारणार होते, मारली नाही. मग तो पुढे झुकला आणि पोहायला लागला, वल्हं काखेत धरून, एका हाताने. काठावरची माणसं पायऱ्या उतरून पुढे आली.

होडीपाशी पोचून त्याने वल्हं आत टाकलं आणि काठ धरला. नुसता धरून राहिला. वहिनी जागची उठली नाही, हातही पुढे केला नाही. आम्हाला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला: "चढा. उलटायची नाही." तो चढायला लागला. होडी दबली, एवढी दबली की काठ पाण्याला लागला. वहिनी दुसऱ्या बाजूला सरकली. तो पोटावर आत पडला, आणि ते बुटकं, पोट सुटलेलं होडकं डुचमळून पुन्हा सरळ झालं. तेव्हा मला बंदरावरचा तो वैतागलेला धिप्पाड माणूस आठवला, आणि मी पायरीवरच खाली बसले.

बरा झाला का अण्णा? लोक असं विचारतात. नाही झाला. खाडीकडे तो आजही जात नाही. पण दुसऱ्या दिवशी तो होडीत बसला, आणि तिसऱ्या दिवशी, आणि मग रोजच. पुढच्या फळीवर, तोंड मागे वहिनीकडे करून. सुकाणूला किंवा दोराला त्याने कधी हात लावला नाही. तो फक्त बसायचा. आणि तिथे तो बोलायचा. काठावरून दिसायचं, त्याचे ओठ हलताहेत, वहिनी मान हलवते आहे. घरी आल्यावर पुन्हा चार शब्द, पण ते चार तरी. जेवायला काय आहे, कमलची, म्हणजे माझी, शाळा कशी चालली आहे. एकदा न राहवून मी तिला विचारलं, काय सांगतो ग तो? म्हणाली, "माणसांची नावं सांगतात, वन्सं. त्या होडीतल्या. एकेकाचं गाव, बायको, मुलं. संपली की परत पहिल्यापासून." पुढे म्हणाली, "मला आता सगळी पाठ आहेत."

किती वर्षं हे चाललं. गावाला सवय झाली. पुढे पुढे नवी सून आली की तिला पायऱ्यांवरून दाखवायचे, ती बघ होडी. शीड दोनदा बदललं, फळ्या बदलल्या. वहिनीला मूल झालं नाही. तिच्या केसांत पांढरं आलं, हाताला घट्टे पडले. ती हौशी होती असं म्हणणाऱ्यांनी तिला एकदा तरी परत येताना बघायला हवं होतं. होडी बांधून पायऱ्या चढताना ती मधेच थांबायची, कमरेवर हात ठेवून, आणि तो पुढे निघून जायचा. दिवसभराचं घर, आणि त्यावर इतक्या मेलेल्या माणसांची रोजची नावं. मग एक श्वास घेऊन ती उरलेल्या पायऱ्या चढायची आणि घरी येऊन चूल पेटवायची.

गेल्या वर्षी पोटातल्या गाठीचं निदान झालं. तरी होळीपर्यंत ती तळ्यावर जात होती. मग एक दिवस शीड वर चढवता आलं नाही. दोर हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आज वारा नाही." वारा होता. अण्णाने बघितलं, मीही बघितलं. आम्ही तिघं घरी आलो. त्यानंतर होडी खुंटालाच होती.

ती गेल्यावर अण्णा पुन्हा बोलायचा थांबला. मला वाटलं, झालं, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी ते निस्तरायला मी एकटी. मला त्याचा राग आला, तिचाही आला. दिवाळीनंतर गावातली दोन तरुण मंडळी आली, पुढच्या वर्षीपासून गणपती खोल पाण्यात न्यायला होडी द्याल का विचारायला. मी देऊन टाकायच्या बेतात होते. अण्णा आतून आला आणि म्हणाला, "होडी लागते." एवढं बोलून आत गेला.

परवा संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी वह्या तपासत होते.

"कमल, चल."

"कुठे?"

तो चालायला लागला. मी मागोमाग गेले. तळ्यावर त्याने होडी सोडली आणि मला हात दिला. इतक्या वर्षांत मी त्या होडीत एकदाही बसले नव्हते. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. तसं त्याला म्हटलं. "मधे बस," तो म्हणाला, "हलू नकोस." आणि स्वतः मागे, वहिनीच्या जागी जाऊन बसला. सुकाणू धरलं. दोर ओढला. शीड भरलं.

आम्ही निघालो. पायऱ्या मागे गेल्या. मी फळी दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मला वाटत होतं, आता मला नावं सांगेल, आणि ती ऐकायचं बळ माझ्यात नाही. तो शिडाकडेच बघत राहिला. पलीकडचा काठ जवळ आला. होडी वळवायची असली की शिडाचा बांबू एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जोरात येतो, डोक्याच्या उंचीवरून. हे मला माहीत नव्हतं. त्याआधी वहिनी समोरच्याला एक शब्द सांगायची म्हणे, बाकी काही नाही, हेही मला त्यानेच नंतर सांगितलं. इतकी वर्षं तो शब्द त्याने रोज ऐकला होता.

"डोकं," अण्णा म्हणाला.

मी वाकले.